नाव ‘आकडीचे’, आजार हृदयाचा: तरुण वयातले अचानक मृत्यू आणि सरकारी योजना

2 जुलै 2025 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक निवेदन प्रसिद्ध केले. कर्नाटकातील हासन जिल्ह्यात सुमारे चाळीस दिवसांत वीसहून अधिक माणसे हृदयविकाराने दगावल्याच्या बातम्या तेव्हा देशभर गाजत होत्या. त्यांतले बरेच जण तरुण होते आणि कोविडच्या लशीकडे बोट दाखवले जात होते. लस आणि हे मृत्यू यांचा संबंध आढळलेला नाही, असे मंत्रालयाने सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 19 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील 47 रुग्णालयांत केलेल्या पाहणीचा त्याला आधार होता. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अचानक मृत्यू पावलेल्या, वरकरणी निरोगी अशा 18 ते 45 वयाच्या लोकांची माहिती त्यात तपासली होती. कुटुंबात आधी कोणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत खूप मद्यपान किंवा अतिश्रम होणे, कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, या गोष्टी धोका वाढवणाऱ्या ठरल्या.

त्याच निवेदनात दिल्लीच्या एम्सच्या अभ्यासाचाही उल्लेख होता. तरुणांच्या अचानक मृत्यूंमागे हृदयविकाराचा झटका हे आजही मुख्य कारण आहे. मात्र ज्या मृत्यूंचे कारण सापडले नाही, त्यांतल्या बहुतेकांत जनुकीय बदल हे संभाव्य कारण दिसते, असा त्याचा प्राथमिक निष्कर्ष होता. लशीच्या वादात हे वाक्य बाजूला पडले. पण तुमच्या घरात कोणी विशी-तिशीत बसल्या जागी किंवा धावताना गेले असेल, तर सगळ्या निवेदनात तुमच्या कामाचे वाक्य हेच आहे. कारण जनुकीय दोष एकट्या माणसाचा नसतो. तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो आणि भावाबहिणींत, मुलांत असू शकतो. गेलेल्या माणसाबद्दल आता काही करता येत नाही. मागे राहिलेल्यांबद्दल मात्र बरेच काही करता येते, आणि त्यातले बहुतेक सरकारी रुग्णालयात होऊ शकते.

अडचण अशी की आपल्या योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णापासून सुरू होतात. हा आजार मात्र घरातल्या आठवणींतून सापडतो.

स्टार्टरमधला दोष

विहिरीवरच्या मोटरचे उदाहरण घ्या. मोटर धड, पाइप धड, विहिरीला पाणीही आहे. पण स्टार्टरमध्ये बिघाड असेल तर मोटर कधी नीट चालते, कधी एकदम थरथरून थांबते. हृदयविकाराचा झटका म्हणजे बहुधा पाइप तुंबणे: हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद होते. आनुवंशिक लयदोषात पाइप आणि पंप दोन्ही चांगले असतात. दोष असतो तो ठोका चालवणाऱ्या विजेच्या यंत्रणेत. म्हणून डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर आवाज नेहमीचा येतो. सोनोग्राफीसारखी इको तपासणीही बहुधा ठीक येते. शवविच्छेदनातसुद्धा हृदय निरोगी दिसू शकते.

या गटातला सर्वांत माहितीतला आजार म्हणजे लाँग क्यूटी. साधारण दोन हजार जन्मांमागे एका बाळात तो असतो, असे युरोपातील नवजात बालकांच्या पाहणीत आढळले आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो या मुलांत जास्त असतो. एरवी काही जाणवत नाही. एखाद्या वेळी मात्र ठोके बेभान होतात, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि मूल कोसळते. बहुतेक वेळा मिनिटाभरात लय आपोआप परत येते, मूल उठून बसते. नाही आली, तर जीव जातो.

आजाराच्या एका प्रकारात हे पळताना आणि विशेषतः पोहताना होते. पट्टीचा पोहणारा मुलगा विहिरीत बुडाला, अशी गोष्ट आपल्या गावांत अनेकदा ऐकू येते. दरवेळी कारण हृदयच असेल असे नाही, पण पोहता येणारे पोर शांत पाण्यात बुडाले असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. दुसऱ्या प्रकारात अचानक मोठा आवाज झाला की हे घडते: गजर, फोनची घंटा, दिवाळीतला फटाका. याच प्रकारात बाईच्या बाळंतपणानंतरचे महिने जास्त जोखमीचे असतात. तिसऱ्यात झोपेत किंवा विश्रांतीत घडते. सीपीव्हीटी नावाचा आणखी एक आजार आहे. त्यात शांत बसलेल्या मुलाचा ईसीजी अगदी नेहमीसारखा येतो आणि दोष दिसतो तो पळायला लावल्यावर किंवा भीती-रागाच्या भरात. ब्रुगाडा हा आजार 1992 साली ब्रुगाडा बंधूंनी वैद्यकीय जगापुढे आणला. तो बहुधा तरुण पुरुषांत, झोपेत आणि तापात डोके वर काढतो.

‘झटका’ या शब्दाने केलेला घोटाळा

भाषांतराचे काम करताना मला सर्वांत जास्त अडवणारा शब्द ‘झटका’ आहे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तरी आपण झटका म्हणतो, हृदय एकाएकी थांबले तरी झटका, फिट आली तरी झटका, विजेचा धक्का बसला तरी झटका. चार वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. त्यामुळे ‘पोराला लहानपणी झटके यायचे’ असे आजी सांगते, तेव्हा ऐकणारा डॉक्टर आकडी लिहून घेतो आणि मेंदूच्या गोळ्या सुरू होतात.

ही चूक जगभर होते, कारण लय बिघडून बेशुद्ध पडलेल्या माणसाचे हातपायही कधीकधी झडतात. कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, तोवर मूल आपोआप शुद्धीवर येते आणि कांद्याने गुण आला असे सगळ्यांना वाटते. ओळखायची एक खूण आहे. आकडीनंतर मूल बहुधा बराच वेळ गुंगीत, गोंधळलेले असते. लयदोषाने पडलेले मूल पांढरेफटक पडते, पण शुद्धीवर आले की लवकर भानावर येते. ही खूण शंभर टक्के नाही. म्हणूनच पहिल्यांदा फिट आलेल्या प्रत्येक मुलाचा एकदा ईसीजी काढावा. मेंदूचा आलेख काढला आणि हृदयाचा राहून गेला, असे मात्र होऊ देऊ नका.

दुसरा घोटाळा ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ या शब्दांचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयरोग आहे. पुष्कळ पालक त्याचा अर्थ हृदयाचे सगळे उपजत आजार असा घेतात. यादीतला अर्थ हृदयाच्या रचनेतला दोष, म्हणजे भोक, अरुंद झडप, चुकीची जोडलेली रक्तवाहिनी, असा आहे. विजेच्या दोषाचे नाव त्या यादीत नाही.

यादीत नाव नसले तरी दोन दारे उघडी आहेत

हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातील पालघरहून सुरू झाला आणि आज देशभर आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. ते वजन-उंची घेतात, दात, डोळे, त्वचा पाहतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात. आत्ताच पाहिले तसे, स्टेथोस्कोपला हा आजार ऐकू येत नाही. म्हणजे शाळेत ‘तपासणी झाली, मूल ठीक’ असा शेरा मिळालेल्या मुलातही तो असू शकतो. पथकाचा यात दोष नाही. त्यांच्या हातात दिलेले साधन दुसऱ्या आजारांसाठी आहे.

तरीही याच यादीत दोन नोंदी आहेत, ज्यांतून हा आजार आत येऊ शकतो. एक ‘आकडी’ आणि दुसरी ‘जन्मजात बहिरेपणा’.

आकडीचे वर सांगितलेच. बहिरेपणाची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. 1957 साली नॉर्वेत जर्व्हेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची नोंद केली. सहा भावंडांपैकी चौघे जन्मापासून बहिरे होते, ती वारंवार बेशुद्ध पडत आणि त्यांपैकी तिघे लहानपणीच अचानक गेली. कानाच्या आतल्या भागाला आणि हृदयाला लागणारा एकच जनुक बिघडला होता. हा लाँग क्यूटीचाच सर्वांत उग्र प्रकार आहे. त्यातल्या साधारण निम्म्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंतच बेशुद्धीचा पहिला प्रसंग येऊन गेलेला असतो. आजार दुर्मीळ आहे, बहिऱ्या मुलांतही तो मोजक्यांनाच असतो. पण तो होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावा लागतो, आणि नात्यात लग्न झालेल्या जोडप्यात ही शक्यता वाढते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र इथे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत अजून आहे, म्हणून हे इथे स्पष्ट लिहिले.

तुमचे मूल जन्मतः ऐकत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या ‘अडिप’ योजनेतून मदत मिळू शकते. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याची मुख्य संस्था आहे. शस्त्रक्रियेच्या तपासण्यांत ईसीजी आहे ना, हे तुम्ही स्वतः विचारा. आणि तो नुसता काढला गेला एवढ्यावर थांबू नका. ‘क्यूटी किती आली?’ असे विचारा. हे दोन शब्द पाठ करून ठेवण्यासारखे आहेत.

जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पथक मुलाला पाठवू शकते आणि तिथून पुढची तपासणी मोफत होते. त्यासाठी पथकाला किंवा आशाताईंना आपण होऊन सांगा: मूल पळताना किंवा पोहताना कोसळले होते, घाबरल्यावर शुद्ध हरपली होती, घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले आहे, एखादे बाळ पाळण्यातच गेले आहे. यातले एक जरी खरे असले तरी ईसीजी मागण्याइतके कारण आहे.

सगळ्याच मुलांचा ईसीजी का काढत नाहीत?

जपानमध्ये शाळेत ठराविक इयत्तांना प्रत्येक मुलाचा ईसीजी काढतात. इटलीत 1982 पासून स्पर्धात खेळणाऱ्यांना तो सक्तीचा आहे. हासनच्या घटनांनंतर कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांनीही 15 वर्षे वयाच्या शाळकरी मुलांची हृदयतपासणी आणि रुग्णालयाबाहेर झालेल्या अचानक मृत्यूंचे शवविच्छेदन करण्याची घोषणा केली. मागणी योग्य वाटते, पण माझ्या मते आधी करायचे काम वेगळे आहे. आलेख काढणे सोपे आहे, तो वाचणारी नजर दुर्मीळ आहे. मुलांचा ईसीजी मोठ्यांसारखा नसतो. यंत्राने छापलेला क्यूटीचा आकडा चुकू शकतो, तो हाताने मोजून पाहावा लागतो. शिवाय दोष असलेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांचा ईसीजी साध्या मर्यादेत येतो. कोट्यवधी आलेख काढून चांगल्या मुलांना घाबरवायचे आणि खऱ्या रुग्णाला ‘ठीक’ म्हणून घरी पाठवायचे, असे दोन्ही होऊ शकते. शाळेच्या तपासणी फॉर्मवर कुटुंबातील मृत्यूंबद्दल तीन-चार प्रश्न छापायला मात्र पैसे लागत नाहीत. ते अजून नीट विचारले जात नाहीत, हे मला जास्त खटकते.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी हा भाग दोनदा वाचावा. पोलीस शिपाई भरतीत महाराष्ट्रात मुलांना 1600 मीटर धावावे लागते. झारखंडमध्ये 2024 साली उत्पादन शुल्क शिपाई भरतीत 10 किलोमीटरच्या धावेच्या वेळी दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्यांची कारणे एकसारखी नसतील. ऊन, पाण्याची कमतरता, उत्तेजक औषधे यांचीही चर्चा झाली. पण घरात तरुण मृत्यूचा इतिहास असेल, किंवा सरावात तुम्ही एकदा जरी शुद्ध हरपून पडला असाल, तर मैदानावर परत जाण्याआधी ईसीजी आणि शक्य तर धावण्याची चाचणी करून घ्या. धावल्यानंतर थांबल्यावर भोवळ येणे तुलनेने साधे असते. धावता धावता कोसळणे साधे नसते.

आयुष्मान कार्ड कुठे चालते, कुठे नाही

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. कुटुंबात किती माणसे, वय किती, यावर बंधन नाही आणि आजार आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. आनुवंशिक आजाराच्या घरासाठी ही अट सर्वांत मोलाची आहे, कारण खासगी विमा इथेच नडतो. पेसमेकर बसवणे, हृदयाच्या विजेची तपासणी आणि सदोष मार्ग जाळणे हे उपचार योजनेच्या यादीत आहेत. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि नंतरचे 15 दिवस यांचा खर्चही धरला जातो.

योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातला ईसीजी, चोवीस तासांचा होल्टर, जनुकीय चाचणी, आयुष्यभराच्या गोळ्या यांना कार्ड लागू होत नाही. आणि हा आजार सांभाळला जातो तो याच गोष्टींवर. लय बिघडली की आतूनच धक्का देऊन सावरणारे आयसीडी यंत्र काही थोड्या रुग्णांनाच लागते. ते कित्येक लाखांचे असते आणि बॅटरी संपली की काही वर्षांनी बदलावे लागते. ते तुमच्या राज्याच्या पॅकेजमध्ये आहे का, कोणत्या रुग्णालयात आहे, हे दाखल होण्याआधी आयुष्मान मित्राकडून किंवा 14555 वर विचारून घ्या. नसेल तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधी आणि राज्याचा मुख्यमंत्री सहाय्यता निधी हे दोन अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांमार्फत करता येतात.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, चौकशीचा क्रमांक 155388. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तुम्ही इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबादला राहत असाल, किंवा ऊसतोडीसाठी सहा महिने दुसऱ्या राज्यात जात असाल, तर लक्षात ठेवा: केंद्राच्या यादीत असलेल्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालते. फक्त राज्याच्या योजनेतून मिळणारा लाभ बहुधा त्या राज्यापुरताच असतो.

खर्चाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. लाँग क्यूटीच्या बहुतेक रुग्णांचा मुख्य उपचार म्हणजे बीटा ब्लॉकर गटातली गोळी. त्यातले प्रोप्रॅनोलॉल जुने आणि स्वस्त औषध आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतले. जिल्हा रुग्णालयात किंवा जनऔषधी केंद्रात विचारा. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि गोळी मनाने एकदम बंद करू नका. ईसीजी ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत निघतो. तज्ज्ञ जवळ नसेल तर आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर तज्ज्ञाचा सल्ला मागता येतो. पहिल्या ईसीजीचा कागद घडी न घालता ठेवा आणि त्याचा फोटो काढा. त्या कागदाची शाई काही वर्षांत उडते.

मृत्यूनंतरचे कागद

हे लिहिणे अवघड आहे, पण गरजेचे आहे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते त्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. कायद्यानेच ते छापायचे नाही. कारण असते ते डॉक्टरांनी भरलेल्या वेगळ्या प्रमाणपत्रात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. तेव्हापासून रुग्णालयाने त्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्या. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले असेल तर ते कारण नव्हे. मरताना प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते. शवविच्छेदन झाले असेल तर अहवालाची प्रत पोलीस ठाण्यातून मिळवा. आणि ते होत असतानाच कोणी विचार करण्याच्या स्थितीत असेल, तर जनुकीय चाचणीसाठी रक्ताचा नमुना राखून ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गेलेल्या माणसात दोष नेमका सापडला, तर जिवंत भावंडांची चाचणी सोपी आणि कमी खर्चाची होते.

नमुना नसला तरी आई, वडील, भावंडे आणि मुले यांचे ईसीजी काढायचेच. लाँग क्यूटीच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगी असो की मुलगा, फरक नाही. सुनेला दोष देण्याचे तर काहीच कारण नाही, कारण हा जनुक वडिलांच्या घराण्यातूनही तेवढाच येतो.

निदान झाले की एक चिठ्ठी

निदान झालेल्या मुलासाठी डॉक्टरांकडून आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या. एक प्रत दप्तरात, एक वर्गशिक्षकांकडे, एक तुमच्या पाकिटात. सर्दी-ताप-जुलाबाला मेडिकलमधून सहज दिली जाणारी काही औषधे लाँग क्यूटीत धोक्याची ठरतात: अॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीवरचे ऑनडॅन्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडॉन, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पोटॅशियम कमी झाले तरी लय बिघडू शकते, म्हणून ओआरएस लगेच सुरू करा आणि दवाखान्यात चिठ्ठी दाखवा. ब्रुगाडाच्या रुग्णाने ताप अंगावर काढायचा नाही. पॅरासिटामॉल घेऊन उतरवायचा.

शाळेत एवढे सांगा की मूल कोसळले, हाक मारूनही प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर पाणी पाजायचे नाही आणि कांदाही शोधायचा नाही. एकाने 108 किंवा 112 ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध जोराने दाबत राहायचे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. पोहणे, शर्यत, कबड्डी यांतले काय बंद आणि काय चालेल, हे हृदयरोगतज्ज्ञाने मुलागणिक ठरवायचे असते. ते चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर क्रीडाशिक्षक एकतर सगळेच बंद करतील किंवा काहीच करणार नाहीत.